प्रयोगवही : उतरवलेली आणि लिहिलेली

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज बी.एस्सी. करीत आहेत. सुटीत भेटीस आली की त्यांची एक तक्रार आम्ही हमखास ऐकतो : प्रयोग जमतो, पण जर्नल लिहिता येत नाही. मग मागील वर्षाच्या कोणाची तरी जर्नल मिळवून ती उतरवली जाते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. प्रयोगशाळेशी आमचा संबंध दुरूनच. तथापि पुरावा कशास म्हणावे, हा प्रश्न दोन्ही विषयांत एकच आहे. म्हणून पालकांनाही समजेल अशा रीतीने त्याविषयी येथे लिहीत आहोत.

वारणेच्या खोऱ्यात ही गोष्ट तशी कोणास परकी नाही. गावच्या दूध संस्थेत सकाळ-सायंकाळ मिळणारी पावती म्हणजे एक छोटी प्रयोगवहीच होय. दिनांक, वेळ, लिटर, फॅट, एस.एन.एफ., दर. "आज फॅट किती लागली?" हा प्रश्न आपल्या आया-बहिणी रोज विचारतात, कारण त्या आकड्यावर घराचा हिशेब चालतो. न मोजता कालचाच आकडा पावतीवर टाकला, तर ते कोणी खपवून घेईल काय?

फॅट मोजण्याची जुनी गर्बर पद्धत पाहिली, तर 'कृती' कशी लिहावी हेही कळते. नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. नळी यंत्रात फिरवून ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायची आणि मग वाचन घ्यायचे. नुसते 'आम्ल व दूध मिसळले' असे लिहिल्यास दुसऱ्यास तो प्रयोग करता येणार नाही. तापमान गाळले, तर वाचनावर विश्वास ठेवता येणार नाही.

खरा घोटाळा होतो तो आकड्यांपाशी. साध्या दोलकाचा प्रयोग घ्या. दोऱ्यास गोळी टांगून झुलवावयाची, वीस आंदोलनांचा वेळ मोजावयाचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढावयाचे. लांबी १०० सेंटिमीटर असून वेळ ४०.४ सेकंद आला, असे समजू. एका आंदोलनास २.०२ सेकंद. सूत्रात घातल्यावर उत्तर येते सुमारे ९६८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तकात मात्र ९८१ छापलेले! विद्यार्थी घाबरतो, ४०.४ खोडून ४०.१ लिहितो, उत्तर ९८२ येते आणि सारे सुरळीत झाल्यासारखे वाटते.

परंतु गुरुत्व त्वरण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्ताकडे जावे तसे आणि उंचीवर चढावे तसे ते घटते. ९८१ हा आकडा लंडनच्या परिसरास लागू पडतो. वारणानगरच्या अक्षांशावर व उंचीवर तो ९७८ च्या जवळपास असतो. म्हणजे येथे उभे राहून ज्याने उत्तर जुळवले, त्याने आपल्या पायाखालची जमीन सोडून लंडनचे मोजमाप वहीत भरले.

आता प्रामाणिक वाचनाचे काय होते ते पाहू. हाताने स्टॉपवॉच चालू-बंद करताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. ४०.४ मध्ये ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात ती तफावत दुप्पट, म्हणजे एक टक्का, सुमारे १० होते. '९६८ ± १०' असे लिहिले की ९७८ त्या मर्यादेत येते. घाबरण्याजोगे त्यात काहीच नव्हते. 'मानवी चुकीमुळे फरक पडला' हे ठरीव वाक्य मात्र कृपया लिहू नये. चूक कोठे आणि किती, ते लिहावे.

वाचने घेताच ती शाईने वहीत नोंदवावीत, दिनांकासह. चुकल्यास एक रेघ मारावी, खाली आकडा दिसू द्यावा. बखरीपेक्षा समकालीन पत्रास इतिहासकार अधिक वजन देतात ते याच कारणाने : पत्र त्या दिवशी लिहिलेले असते, बखर मागाहून रचलेली.

इंग्रजीचे भय आमच्या मुलांना फार. पण जर्नलची भाषा साधी असते, आणि जी झाली ती कृती भूतकाळात सांगायची असते. 'लांबी मोजली, वेळ नोंदवला' असे आपण मराठीत कर्त्याचे नाव न घेता सहज म्हणतो. तोच साचा तेथे चालतो. आधी मराठीत मांडणी करून मग इंग्रजीत लिहिण्यास काही हरकत नाही. पानांची भरही नको. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता, असे सांगितले जाते. वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या द्रव्याविषयीचा शोध त्यात मांडलेला होता.

तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतील, "तुमचे उत्तर ९८१ का आले नाही?" तेव्हा वहीतील ४०.४ वर बोट ठेवावे आणि स्टॉपवॉचचे ०.२ सेकंद सांगावेत.