साल्व्हिया आणि साग

बागेंतील लालभडक तुऱ्यांचें साल्व्हियाचें रोपटें आणि आलापल्लीच्या अरण्यांतील उत्तुंग साग हीं एकाच कुलांतील आहेत, असें कोणी म्हटल्यास विद्यार्थ्यांना ती थट्टा वाटेल. परंतु वनस्पतिशास्त्राचा आजचा निर्णय हाच आहे. तो कसा झाला हें पाहूं.

वनस्पतींचें वर्गीकरण समजण्यास जाति, प्रजाति व कुल या तीन पायऱ्या ध्यानांत ठेवाव्या. लिनीअस या स्वीडिश पंडितानें 1753 सालीं वनस्पतींस दोन शब्दांचीं नांवें देण्याची पद्धति रूढ केली. आपल्या बागांतील लाल साल्व्हियाचें नांव साल्व्हिया स्प्लेंडेन्स. त्यांतील पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचें नांव. ही जाति मूळची ब्राझीलची. साल्व्हिया प्रजातींत सुमारें 1000 जाति आहेत.

या प्रजातीची खूण फुलांत सांपडते. तुळशीच्या फुलांत पुंकेसर चार, साल्व्हियांत कार्यक्षम असे दोनच. पुष्कळ जातींत ते तरफेसारखे हालतात : मधमाशी आंत शिरली कीं पराग तिच्या पाठीवर पडतात. म्हणून प्रजाति निराळ्या. परंतु चौकोनी खोड, समोरासमोर पानें, ओठांसारखें फूल व चार भागांचें फळ या लक्षणांनीं दोघींचें कुल एकच, तुलसीकुल.

सागाचें फूल ओठांसारखें नसतें. त्याच्या पाकळ्या जवळजवळ सारख्या असतात. साग, शिवण व निर्गुडी यांना पूर्वी घाणेरीसमवेत व्हर्बिनेसी कुलांत घालीत. मराठी ग्रंथांतून त्यालाच सागकुल म्हणत. विसाव्या शतकाच्या अखेरीस फुलाफळांची सूक्ष्म तुलना झाली, पुढें आनुवंशिक द्रव्याचीहि तपासणी झाली, आणि हे तिन्ही वृक्ष तुळशीचेच आप्त ठरले. घाणेरी मात्र जुन्या कुलांतच राहिली. सागकुलांतून सागच निघून गेला!

येथें एक सावधगिरी हवी. आप्तपणावरून गुण सारखे ठरत नाहींत. तुळशीच्या काढ्यांत शोभेच्या साल्व्हियाचीं पानें घालूं नयेत, हें पालकांनीं मुलांस अवश्य सांगावें.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना साग नवा नाहीं. त्याची कोंवळी फांदी बोटांत फिरवून पाहा : ती चौकोनी लागेल, आणि पानें समोरासमोर दिसतील. साल्व्हियाची कांडीहि तशीच. आकारानें डोळे फसतात. बारकाईनें पाहणाऱ्यास मात्र नातें ओळखूं येतें.