निरोप दाराशी, काम घरात

तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात ऊस तोडताना बोटाला कोयता लागला, तर जखम काही दिवसांत भरून येते. कडेच्या त्वचापेशींचे विभाजन होते आणि खाच बुजते. पण विभाजनाची वेळ झाली, हे पेशींना कळते कसे?

हा निरोप आणणारे एक प्रथिन म्हणजे ईजीएफ. स्टॅन्ली कोहेन यांनी ते १९६२ साली उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळे केले. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निरोप देण्यासाठी ईजीएफला पेशीत शिरावे लागत नाही. पेशीपटलात रोवलेल्या ग्राहक प्रथिनाला ते बाहेरून चिकटते. मग दोन ग्राहकांची जोडी जमते आणि त्यांची आतली टोके एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात.

पेशीपटलाच्या आतल्या बाजूला ‘रास’ हे प्रथिन असते. ते विजेच्या बटणासारखे चालू-बंद होते. ते चालू करणाऱ्या प्रथिनाचे नाव ‘सॉस’; पण सॉसला ग्राहकावरचे फॉस्फेट ओळखता येत नाही. येथे ‘ग्रब-२’ हे जोडप्रथिन मदतीला येते. त्याचा एक भाग फॉस्फेट असलेले टायरोसिन पकडतो, तर बाजूचे दोन भाग सॉसला धरतात. ग्रब-२ स्वतः विकर नाही. ते कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे ते दोन पक्षांना एकत्र आणते, एवढेच. सॉस रासजवळ पोचला की रास चालू होते आणि निरोप एकेका प्रथिनाकडून पुढे जात केंद्रकापर्यंत पोचतो.

फुप्फुसाच्या काही कर्करोगांत हा ग्राहकच बिघडतो. ईजीएफ नसतानाही तो निरोप धाडत राहतो. जेफिटिनिब हे औषध ग्राहकाला फॉस्फेट बसवू देत नाही. मग ग्रब-२ला धरायला जागाच उरत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने असा बिघाड असलेल्या ३५० रुग्णांची चाचणी घेतली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. केवळ जेफिटिनिब घेणाऱ्यांचा आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर सोबत केमोथेरपी घेणाऱ्यांचा १६ महिने. मात्र दुसऱ्या गटात औषधांचे दुष्परिणामही अधिक झाले.

आता विद्यार्थ्यांना विचारून पाहू या: ग्राहक ठीक आहे, पण रासच ‘चालू’ स्थितीत अडकले आहे. अशा वेळी जेफिटिनिब उपयोगी पडेल का? नाही, कारण बिघाड ग्राहकाच्या पुढच्या कडीत आहे. म्हणूनच औषध ठरवण्याआधी साखळीची कोणती कडी बिघडली आहे, हे तपासावे लागते.