डोळ्याची गोष्ट, भाग ६ : थेंब कुठवर पोचतो?

काचबिंदूत मार बसतो तो डोळ्याच्या मागच्या बाजूला. पडद्यावरून निघालेले दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन जी नस मेंदूकडे जाते, ती उगमापाशीच सुकत जाते. औषध मात्र आपण टाकतो समोरून. मग ते मागे पोचतं का? फारसं नाही. आजच्या औषधांना तिथवर जायची गरजही नसते म्हणा. टिमोलॉल डोळ्यात पाणी तयार होणं कमी करतं, लॅटॅनोप्रॉस्ट त्याचा निचरा वाढवतं. दोन्ही कामं पुढच्या भागातली. त्यामुळे डोळ्यातलं प्रेशर उतरलं की नसेवरचा ताण कमी होतो. पण प्रेशर आटोक्यात असूनही काहींची नस झिजतच राहते. त्यांच्यासाठी नसेलाच जपणारं औषध हवं आणि ते मागे नेऊन सोडायला हवं.

ही वाट सोपी नाही. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम ७ ते १०. जास्तीचं गालावर ओघळतं. उरलेल्यातलं बरंचसं पापण्यांची उघडझाप होताना नाकाकडच्या बारीक छिद्रातून घशात उतरतं. थेंब टाकल्यावर तोंड कडू होतं ते यामुळेच. दमेकऱ्याने टिमोलॉल टाकलं तर त्याला धाप लागू शकते, तेही यामुळेच. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर पाऊस धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात बायांना हंडा घेऊन लांब जावं लागतं, तीच गत इथेही. पडतं पुष्कळ, मुरतं थोडं. डोळ्यात शिरणारं औषध ५ टक्क्यांहूनही कमी. त्यालाही आतलं पाणी मागून पुढे वाहत असताना उलट्या दिशेने जायचं असतं. गोळी देऊन रक्तातून पाठवावं, तर पडद्याच्या रक्तवाहिन्या बहुतेक औषधांना बाहेरच थोपवतात.

म्हणून सुई आली. मधुमेहाने खराब झालेल्या पडद्यासाठी डोळ्याच्या आतल्या जेलीत इंजेक्शन देणं आता रोजचं झालं आहे. पडद्यामागच्या थरांत औषध सोडणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, पण तीही वेगळ्या आजारासाठी. काचबिंदूची अडचण अशी की मागे न्यायला खात्रीचं औषधच हातात नाही. मेमँटिन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध गोळीतून मेंदूपर्यंत पोचतं. ते दोन हजारांहून अधिक काचबिंदू रुग्णांवर ४ वर्षं तपासलं गेलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात नापास झालं. वाहन सुधारण्याच्या बातम्या वाचताना आत बसवायला कोण आहे, हेही विचारत जावं.

मला मात्र खोलीपेक्षा मुक्काम महत्त्वाचा वाटतो. औषध किती आत गेलं यापेक्षा ते किती महिने टिकलं. भाताची झोडणी उरकली की मोखाड्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. थेंबाची बाटली उघडल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत संपवायची किंवा टाकून द्यायची. न उघडलेलं लॅटॅनोप्रॉस्ट फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर ठेवायचं. भट्टीवरच्या खोपटात फ्रिज कुठला? शिवाय काचबिंदू दुखत नाही आणि थेंबाने नजर वाढत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीला दुसऱ्या दिवशी नातवाचं तोंड दिसतं. काचबिंदूवाल्याला औषध टाकूनही काही फरक कळत नाही. मग बाटली कोनाड्यातच राहते. यात माणसाचा आळस शोधणं मला पटत नाही.

आठवडाभर औषध सोडत राहणारी चकती अमेरिकेत १९७४ मध्येच बाजारात आली होती. पापणीखाली ठेवायची ही चकती खुपायची, निसटायची, म्हणून मागे पडली. २०२० मध्ये बिमॅटोप्रॉस्टचा, आतच विरघळणारा कण सुईने डोळ्यात सोडायला तिथे परवानगी मिळाली, २०२३ च्या डिसेंबरात ट्रॅव्होप्रॉस्टची टायटॅनियमची इवलीशी नळी आली. दोन्ही पुढच्याच भागात बसतात, पण महिनोन्महिने काम करतात. आपल्या तालुक्याला त्यांची किंमत सध्या तरी झेपणारी नाही.

झेपेल असं एक आहे, आणि त्यात औषधच नाही. निचऱ्याच्या जाळीवर लेसरचे सौम्य ठिपके द्यायचे. पाच-दहा मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावातल्या रुग्णालयात टिमोलॉलचे थेंब आणि हा लेसर यांची तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: वर्षाअखेर लेसर दिलेल्या डोळ्यांपैकी ६१ टक्क्यांत उपचार यशस्वी, थेंबांच्या गटात ३१ टक्क्यांत. काहींना लेसर पुन्हा द्यावा लागला, आणि तपासणीला येत राहणं चुकत नाहीच. तरी भट्टीवर जाण्याआधी एकदा उरकता येईल असा हा उपचार आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात प्रेशर आणि नसही तपासली, जास्त निघालेल्यांना त्याच गाडीने लेसरला नेलं, तर फ्रिजचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटतो.

ज्यांचे थेंब चालू आहेत त्यांच्यासाठी: एकच थेंब पुरतो. तो टाकून डोळा अलगद मिटा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

पुढच्या आठवड्यात: डोळा चुरचुरला म्हणून दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब आणि त्यांनी वाढणारं प्रेशर.