थव्याचा कप्तान कोण?

नांदेडला किंवा लातूरला मासे विकणाऱ्या दुकानात गेलात, तर झेब्रा माशांच्या टाकीसमोर जरा थांबा. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, अंगावर निळे-रुपेरी पट्टे. काचेजवळ हात न्या. अख्खी टोळी क्षणात वळते आणि कुणी कुणाला धडकत नाही! हुकूम दिला कुणी?

कुणीच नाही. थव्याला कप्तान नसतोच. प्रत्येक मासा फक्त आजूबाजूच्या माशांवर लक्ष ठेवतो. ते वळले की वळायचं, लांब गेले की जवळ जायचं, फार जवळ आले की सरकायचं.

हे कळतं डोळ्यांमुळे आणि पार्श्वरेषेमुळे. डोळे मिटून बसलात आणि शेजारून कुणी पळत गेलं, तर वारा लागतो ना? तशी माशाला पाण्याची हालचाल जाणवते, ती त्याच्या दोन्ही कुशींवरच्या या रेषेमुळे. 1976 साली शास्त्रज्ञांनी सेथ नावाच्या समुद्री माशांच्या डोळ्यांवर झापडं लावली. तरीही ते थव्यात पोहत राहिले!

थव्यामुळे शिकारी माशाचा गोंधळ उडतो. इतक्या हलत्या पट्ट्यांमधून नेमका कुणाला धरू? एकटा झेब्रा मात्र घाबरून राहतो. म्हणून आणायचेच तर निदान सहा आणा. टाकीवर झाकण हवंच, कारण हे मासे बाहेर उडी मारतात.

झेब्रा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. दुकानातला दुसरा मासा, चमचमणारा निऑन टेट्रा, मात्र मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथल्या मऊ पाण्यातला. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तो क्षारांचा. असं जड पाणी निऑनला फारसं मानवत नाही. झेब्रा ते निभावून नेतो.

उन्हाळ्यात मात्र जपा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. टाकी उन्हात ठेवू नका, एअर पंप चालू ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच घाला. एका वेळी पाव टाकीच बदला.

आणि काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. 2016 साली पाणीटंचाईमुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माशांच्या विष्ठेमुळे या पाण्यात नायट्रोजन असतो. कुंडीतल्या तुळशीला, मोगऱ्याला ते घाला. पाणीही वाचेल, खतही मिळेल!