चित्र आहे, पण दिसत नाहीं

गेल्या वैशाखांतील गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यांतील मूल तालुक्यांत, जंगलाच्या अगदीं काठाशीं आमचें घर आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता, व गडचिरोलीकडील कांहीं कुटुंबें पानें तोडण्याकरितां गांवांत उतरलीं होतीं. एका पहाटे शेजारच्या वृद्ध बाईंची दुभती शेळी गोठ्यांतून नाहींशी झाली. रात्रीं वळवाचा पाऊस पडून गेल्यामुळें अंगणांत ना माग राहिला, ना रक्ताचा थेंब. लोकांच्या जिभेला हाड नसतें. दुपार होण्यापूर्वींच पानें तोडावयास आलेल्या दोन पोरांवर चोरीचा आळ आला, व संध्याकाळीं त्यांस पोलिसांकडे नेण्याची भाषा सुरू झाली.

आमच्या फाटकावर मुलानें कांहीं वर्षांपूर्वीं कॅमेरा बसविला आहे. त्याच्या टप्प्यांत तो गोठा येतो. मीं मंडळींस म्हटलें, "थांबा, अगोदर पाहूं, मग बोलूं." मोठ्या ऐटीनें संगणकापुढें बसलों, ब्राउझरमध्यें रेकॉर्डरचा पत्ता घातला, नांव व पासवर्ड दिला, आणि पाहतों तों चित्राच्या जागीं एक करडा चौकोन, व त्यांत "प्लग-इन बसवा" अशी आज्ञा! आज्ञा पाळली. पुन्हां तीच आज्ञा. तीनदां बसविलें, तीनदां तोच चौकोन. बाहेर ओट्यावर तीं दोन पोरें मान खालीं घालून बसलीं होतीं.

अखेर एका जुन्या विद्यार्थ्यास दूरध्वनी केला. तो अशा यंत्रांचें काम करतो. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुमचा रेकॉर्डर धडधाकट आहे. तो ज्या ब्राउझरची वाट पाहत बसला आहे, तोच आतां उरला नाहीं."

न्यायशास्त्र शिकलेल्यांस यांतील मर्म चटकन् कळेल. प्रत्यक्ष ज्ञानास पदार्थ व इंद्रिय यांचा संयोग लागतो. येथें पदार्थ होता, इंद्रिय नव्हतें. प्लग-इन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेलें असें एक इंद्रियच होय. जुन्या रेकॉर्डरांची चित्रें ब्राउझरला आपल्या आपण वाचतां येत नसत. म्हणून हीं यंत्रें घडविणाऱ्यांनीं मायक्रोसॉफ्टनें 1996 सालीं काढलेल्या ॲक्टिव्हएक्स या पद्धतीचा आश्रय केला. ती केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्यें चाले. इतर ब्राउझरांकरितां दुसऱ्या जातीचे प्लग-इन होते. परंतु परक्या प्रोग्रामास संगणकांत असा मुक्त प्रवेश देणें म्हणजे चोरास किल्ली देणें, हें पुढें अनुभवास आलें. क्रोमनें 2015 च्या सप्टेंबरांत ते जुने प्लग-इन हद्दपार केले, फायरफॉक्सनें 2017 च्या मार्चांत. आणि 15 जून 2022 रोजीं खुद्द इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. रेकॉर्डर मात्र भिंतीवर जसेच्या तसे राहिले.

मग उपाय काय? मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरांत जुन्या एक्सप्लोररचा अवतार धारण करण्याची सोय आहे, व ती निदान 2029 पर्यंत राहावयाची आहे. एजच्या सेटिंगमध्यें 'डीफॉल्ट ब्राउझर' या सदरांत जावें. इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्यें पानें उघडण्यास परवानगी द्यावी. ब्राउझर बंद करून पुन्हां उघडावा. आणि तेथील यादींत रेकॉर्डरचा पत्ता घालावा. त्यानंतर रेकॉर्डर देईल तो प्लग-इन उतरवून घ्यावा, ब्राउझर मिटावा, व मगच प्लग-इन बसवावा. ब्राउझर उघडा ठेवून बसविल्यास तो बसल्यासारखा दिसतो, पण बसत नाहीं. माझी तीच चूक दुसऱ्यांदा होत होती. एवढ्यानेंही चित्र न आल्यास इंटरनेट पर्यायांतील 'विश्वसनीय स्थळें' या यादींत तेवढा एकच पत्ता घालून त्यापुरतीच ॲक्टिव्हएक्सला मुभा द्यावी. साऱ्या जगाकरितां दार उघडूं नये. एजच्या यादींतील नोंद तीस दिवसांनीं गळून पडते. महिन्यानें चित्र पुन्हां गेलें तर घाबरूं नये.

सायंकाळीं पांचाच्या सुमारास करडा चौकोन उजळला. रात्रीं दोन वाजून कांहीं मिनिटांनीं, पावसाच्या तिरकस रेघांमधून, एक बिबट्या कुडावरून आंत उतरला आणि शेळी तोंडांत धरून आला तसा गेला. ओट्यावर कोणी बोललें नाहीं. सकाळीं सर्वांत मोठ्यानें ओरडणारे गृहस्थच प्रथम उठले व त्या पोरांस त्यांनीं पाणी दिलें. बाईंच्या नुकसानभरपाईकरितां वनरक्षकास त्याच सांजेला कळविलें.

पुढें त्या विद्यार्थ्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी खजील झालों. रेकॉर्डरला तारेनें घरचा दूरदर्शन संच जोडला असता, तर ब्राउझरची गरजच नव्हती. आणि पेनड्राइव्ह लावून तेथल्या तेथें चित्र उतरवून घेतां आलें असतें. काखेंत कळसा म्हणतात तो हाच! तेव्हां वाचकहो, अडचण येतांच प्रथम ही वाट धरावी. रेकॉर्डरची तबकडी भरली कीं जुन्या चित्रावर नवें चढतें. म्हणून हवें तें चित्र त्याच दिवशीं उतरवावें. यंत्राचें घड्याळ बरोबर आहे कीं नाहीं, हें महिन्यांतून एकदां पाहावें. प्रकरण कोर्टांत जाणारें असेल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणें चित्रासोबत प्रमाणपत्र लागतें, हेंही ध्यानांत असावें.

आणि कारखान्यानें दिलेला मूळ पासवर्ड कधींही तसाच ठेवूं नये. 2016 सालीं 'मिराय' नांवाच्या दुष्ट प्रोग्रामानें असे हजारों कॅमेरे व रेकॉर्डर केवळ मूळ पासवर्डांच्या बळावर आपले दास केले, व त्या वर्षाच्या 21 ऑक्टोबरला अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें तासन् तास बंद पाडलीं.

आमच्या फाटकावरील कॅमेऱ्यानें त्या रात्रीं सारें पाहिलें होतें. पण तें आम्हांस दिसेपर्यंत दोन निरपराध पोरें दिवसभर चोर ठरलीं होतीं. यंत्राचा डोळा मिटला असतां आपली जीभही मिटलेली बरी, एवढें मी त्या दिवशीं शिकलों.