पाण्यातून निघालेली मोटार काय सांगते?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात अडकल्या. पाण्यातून निघालेली मोटार पुढे निरनिराळे आवाज करू लागते. त्यांचे मूळ शोधावयाचे, तर आवाज कशाबरोबर बदलतो ते पाहावे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चीं-चीं वाढली, तर ओला पट्टा घसरत असावा. तो वाळला की आवाज बहुधा थांबतो. ब्रेक दाबताच खरखर झाली, तर तबकडीवर गंज किंवा वाळू असावी. हलके ब्रेक लावीत थोडे अंतर जाऊनही ती राहिली, तर चाक खोलून पाहावे. काही दिवसांनी चाकाच्या गतीबरोबर घुमणारा आवाज येऊ लागला, तर बेअरिंगमध्ये पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. येथे चालढकल नको.

परंतु इंजिन पाण्यातच बंद पडले, तर ते पुन्हा चालू करून पाहू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास दट्ट्या त्यावर अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. मग ऐकू येणारी ठकठक ही धोक्याची सूचना नव्हे, झालेल्या नुकसानीची बातमी होय. अशा वेळी गाडी ओढून न्यावी. दोरखंड इंजिनाहून स्वस्त असतो.