मोजण्याचे दोन प्रकार

पाणी मोजता येते, दूध मोजता येते आणि पैसे तर आपण रोजच मोजतो. मग इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात 'वॉटर', 'मिल्क' आणि 'मनी' ही नामे 'अनकाउंटेबल', म्हणजे न मोजता येणारी, अशी का दिलेली असतात? दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावीला शास्त्र शाखेत आलेले विद्यार्थी हा प्रश्न विचारतात, आणि तो अगदी योग्य आहे. 'ते पाठच करायचे असते' असे उत्तर त्यांना बहुधा मिळते. खरे उत्तर मात्र भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडते. म्हणून विज्ञानाच्या मासिकात हा विषय घेतला आहे.

गोंधळाचे मूळ आपल्या 'मोजणे' या क्रियापदात आहे. आपण वर्गातील मुले मोजतो, कापड मोजतो आणि रोग्याचा तापही मोजतो. मुले मोजताना एक, दोन, तीन असे म्हणत जातो. उत्तर ४२ येईल किंवा ४३ येईल, ४२.६ येणार नाही. कापड मोजताना मीटरपट्टी लावतो. येथे उत्तर २.३५ मीटर येऊ शकते, आणि पट्टी अधिक बारीक असेल तर त्यापुढे आणखी एक दशांश स्थळही मिळेल. पहिली क्रिया गणनेची, दुसरी मापनाची. इंग्रजीत पहिलीला 'काउंट' आणि दुसरीला 'मेझर' म्हणतात. तेव्हा 'अनकाउंटेबल' म्हणजे 'न मोजता येणारे' नव्हे, तर 'एक, दोन, तीन असे न गणता येणारे'. पाण्याचे माप घेता येते, पण 'एक पाणी, दोन पाणी' अशी गणना करता येत नाही.

या दोन्ही क्रियांसाठी मराठीत 'किती' हा एकच प्रश्न पुरतो. इंग्रजीला दोन लागतात. गणायचे असेल तर 'हाउ मेनी' आणि मापायचे असेल तर 'हाउ मच'. त्याच न्यायाने 'फ्यू', 'फ्यूअर' आणि 'नंबर' हे शब्द गणनेच्या बाजूला, तर 'लिट्ल', 'लेस' आणि 'अमाउंट' हे मापनाच्या बाजूला. 'सम', 'मोअर' आणि 'अ लॉट ऑफ' दोन्हीकडे चालतात. शंका असेल तेथे 'अ लॉट ऑफ' वापरून वेळ मारून नेता येते. इंग्रज लोकही बोलताना तेच करतात!

मराठीला हा भेद अजिबात ठाऊक नाही असे मात्र समजू नका. 'अनेक मुले' आपण म्हणतो, 'अनेक दूध' कोणी म्हणत नाही. याहून चांगले उदाहरण साध्या दोलकाच्या प्रयोगात मिळते. एक मीटर लांबीच्या दोलकाच्या २० आंदोलनांना किती वेळ लागला? सुमारे ४०.१ सेकंद. हे निरीक्षण किती वेळा घेतले? तीन वेळा. 'वेळ' मापायचा, 'वेळा' गणायच्या. इंग्रजीत पहिला प्रश्न 'हाउ मच टाइम' आणि दुसरा 'हाउ मेनी टाइम्स'. आपण एका कान्याने जे काम केले, त्यासाठी इंग्रजीला संख्यावाचक शब्दही बदलावा लागला.

एककांच्या बाबतीत एक गंमत आहे. लिटर, किलोमीटर ही एकके गणता येतात, म्हणून 'हाउ मेनी लीटर्स ऑफ वॉटर' हे बरोबर. पण '८ किलोमीटरपेक्षा कमी' म्हणताना 'फ्यूअर' नव्हे, 'लेस' वापरतात. कारण उघड आहे. ७.९ किलोमीटरही ८ पेक्षा कमीच असतात; येथे किलोमीटरचे दगड गणायचे नसून अंतर मापायचे असते. 'आठपेक्षा कमी खुर्च्या' म्हणताना मात्र 'फ्यूअर'. हा 'फ्यूअर'चा नियम फार पुरातन नाही. १७७० साली रॉबर्ट बेकर या लेखकाने आपली पसंती म्हणून तो नोंदवला. त्याआधी कित्येक शतके इंग्रजी लेखक दोन्हीकडे 'लेस' बिनदिक्कत वापरत होते. तरी परीक्षेत नियम पाळावा हे बरे.

आता खरी अडचण येते. एखादी वस्तू गणायची की मापायची हे निसर्ग ठरवतो, की भाषा? तांदळाचे दाणे सुटे असतात आणि वाटाण्याचेही. इंग्रजीत तांदूळ, म्हणजे 'राइस', अगणनीय. वाटाणे, म्हणजे 'पीज', गणनीय. त्यातही वाटाण्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. पूर्वी 'पीज' हा शब्द 'राइस'सारखाच एकवचनी, राशीवाचक होता. त्याच्या शेवटचा उच्चार अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा असल्यामुळे लोकांना तो अनेकवचनी वाटू लागला, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास त्यातून एका दाण्यासाठी 'पी' असा नवा शब्द निघाला. वाटाणा तोच राहिला. त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलली. आपणही शेतात 'हरभरा' पेरतो आणि घरी 'हरभरे' भिजत घालतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पीक, आईच्या दृष्टीने दाणे.

केसांचेही असेच. मराठीत केस अनेकवचनी, इंग्रजीत 'हेअर' हा एकवचनी समूह. पण तोच एक केस सूक्ष्ममापीच्या दोन टोकांमध्ये धरून त्याची जाडी पाहिली (ती बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर भरते), की तो 'अ हेअर' होतो आणि गणनीय ठरतो. पैशांच्या बाबतीत आपण गणतो त्या नोटा आणि नाणी. 'मनी' हे त्यांच्या मूल्याचे नाव. 'फर्निचर' हे टेबल, खुर्ची, कपाट अशा भिन्न वस्तूंचे एकत्रित नाव आहे, आणि 'इक्विपमेंट' हे उपकरणांचे. मराठीत 'उपकरणे' म्हणतात म्हणून प्रयोगवहीत 'इक्विपमेंट्स' लिहिलेले हमखास आढळते, आणि विद्यार्थ्यांच्याच वहीत आढळते असेही नाही. 'न्यूज' आणि 'अ‍ॅडव्हाइस' यांचे तसेच. बातम्या आणि सल्ले मराठीत अनेक, इंग्रजीत नाहीत. 'इन्फर्मेशन'पाशी तरी चूक होऊ नये, कारण 'माहिती'चे अनेकवचन आपणही करत नाही.

विज्ञानाने तर भाषेची ही वाटणी पार उलटीपालटी केली आहे. पाणी सलग दिसते, पण ते सुट्या रेणूंचे बनलेले असते. १८० ग्रॅम पाण्यात सुमारे ६ वर २४ शून्ये इतके रेणू असतात. १९०९ साली मिलिकनने शिकागोत तेलाच्या थेंबांचे प्रयोग सुरू केले आणि विद्युतप्रभारही सलग नसतो हे दाखवले. प्रत्येक थेंबावरील प्रभार एका ठरावीक लहान प्रभाराच्या पूर्णांकी पटीतच मिळाला. तरीही प्रभाराची राशी विचारताना इंग्रजीत 'हाउ मच चार्ज' असेच म्हणतात. २० मे २०१९ पासून मोल या एककाची व्याख्याच गणनेवर आधारली आहे. एक मोल म्हणजे ६०,२२,१४,०७६ या आकड्यावर आणखी १५ शून्ये इतके कण, ना एक कमी ना एक अधिक. पण मोल ज्या राशीचे एकक आहे तिचे अधिकृत इंग्रजी नाव आजही 'अमाउंट ऑफ सब्स्टन्स' असेच आहे, म्हणजे मापनाच्या बाजूचे! रेणू कोणी बोटावर गणत नाही, मग भाषा तरी का बदलेल?

येथवरच्या चुका झाल्या तरी परीक्षकाला तुमचे म्हणणे कळते. पण एके ठिकाणी अर्थच बदलतो, आणि तेथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. 'फ्यू' आणि 'अ फ्यू', 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल' यांत फरक एका अक्षराचा आहे. 'फ्यू' म्हणजे 'जवळजवळ नाहीतच', तर 'अ फ्यू' म्हणजे 'थोडे का होईना, पण आहेत'. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पत्र्यावर अल्फा कण सोडले, तेव्हा सुमारे ८००० कणांत एक कण मागे फिरला. 'फ्यू' म्हणून ते सोडून देता आले असते. रदरफर्डने त्यांना 'अ फ्यू' मानले आणि १९११ साली अणुकेंद्राची कल्पना मांडली.

आता प्रश्नपत्रिकेतील उदाहरण घ्या. टेबलावर २ किलोग्रॅमचा ठोकळा आहे आणि त्यावर १० न्यूटन आडवे बल लावले आहे. पृष्ठभागावर 'लिट्ल फ्रिक्शन' आहे असे म्हटले असेल, तर घर्षण नगण्य धरायचे. त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. 'अ लिट्ल फ्रिक्शन' आहे असे म्हटले, तर घर्षण हिशेबात घ्यायचे आणि त्याचे मूल्य प्रश्नात शोधायचे. ते २ न्यूटन दिले असेल तर त्वरण ४ येईल. मराठीत हेच काम 'थोडेच' यातील 'च' करतो. 'घर्षण थोडेच आहे' आणि 'थोडे घर्षण आहे' ही वाक्ये एकदा मोठ्याने म्हणून पाहा.